वैशाखवणव्यातली फुलं

महाराष्ट्रात फुलांची प्रदर्शनं भरतात ती थंडीत. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीच्या अखेरीस, मुंबईत राणीच्या बागेत त्याच्या पुढेमागे. पिटुनिया, पॅन्झी, फ्लॉक्स, डायन्थस, डॉग फ्लॉवर यांचे ताटवेच्या ताटवे. लोक रांगा लावून बघतात, फोटो काढतात, निघताना चार रोपं पिशवीत घालून नेतात. मार्चमध्ये ती रोपं पिवळी पडतात, एप्रिलमध्ये वाळतात आणि मे महिन्यात गच्चीच्या कोपऱ्यात रिकाम्या कुंड्यांची उतरंड रचलेली असते. ‘उन्हाळ्यात कुठली आलीत फुलं? आहेत ती झाडं जगली तरी पुष्कळ,’ हे वाक्य मी इतक्या बागवेड्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे की ते खरं आहे की नाही, हे एकदा तपासून बघावंसं वाटलं.

ते खरं नाही. थंडीच्या फुलांबद्दल खरं आहे, एवढंच.

पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागलं की उरुळी कांचनच्या आसपास नर्सऱ्यांची रांग सुरू होते. एप्रिलच्या मध्यावर तिथल्या एका नर्सरीवाल्याला विचारलं, ‘सीझनल काय आहे?’ तो हसलाच. ‘सीझनल म्हणजे थंडीचं, साहेब. आता बोगनवेल न्या, एक्झोरा न्या, तगर न्या. झिनिया केला होता गेल्या साली. पडून राहिला. लोकांना वाटतं, उन्हात नेऊन काय करायचं?’ हे तो सांगत होता तेव्हा त्याच्याच कुंपणाच्या कडेला, ठिबकची गळकी नळी जिथे संपत होती तिथे, पिवळ्या-केशरी कॉसमॉसचं रान माजलं होतं. ते कुणी लावलेलं नव्हतं, दोन वर्षांपूर्वीच्या एका कुंडीतून बी सांडलं होतं. शेडनेटखालची नाजूक रोपं माना टाकून बसलेली आणि बाहेर रणरणत्या उन्हात हे फुकटचं पीक डोलत होतं.

आपलं हंगामी फुलांचं वेळापत्रक बरंचसं उसनं आहे. फर्मिंजर नावाच्या एका इंग्रज पाद्र्यानं 1860 च्या दशकात बंगाल आणि उत्तर हिंदुस्थानातल्या बागांसाठी एक जाडजूड मार्गदर्शक पुस्तक लिहिलं. पुढे त्याच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या आणि ‘फर्मिंजर’ हे बागकामाचं प्रमाण पुस्तक झालं. कलेक्टरच्या आणि छावणीतल्या बंगल्यांभोवती इंग्लंडच्या उन्हाळ्याची आठवण करून देणारी फुलं हवी असत, आणि इंग्लंडचा उन्हाळा म्हणजे जवळपास आपला हिवाळा. म्हणून ऑक्टोबरात बी टाकायचं, जानेवारीत बाग बघायची, मार्चमध्ये साहेब थंड हवेच्या ठिकाणी निघाला की बागही आवरायची. साहेब गेला, वेळापत्रक राहिलं. सरकारी उद्यानं, सोसायट्यांचे माळी, शाळांच्या बागा, सगळीकडे आजही तेच.

उन्हाची हौस असलेली फुलं बहुतेक वेगळ्या गावची. झिनिया, कॉसमॉस आणि आपला झेंडूसुद्धा मूळ मेक्सिकोच्या बाजूचा. चिनी गुलाब नावानं चिनी असला तरी अर्जेंटिना, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझीलचा. गोम्फ्रेना मध्य अमेरिकेची, सदाफुली मादागास्करची. कोंबड्याचं कूळ तर आपल्याच बांधावर आहे, त्याच्याकडे पुढे येतोच. यांच्या मूळ गावी ऊन कडक, जमीन हलकी आणि पाऊस बेभरवशाचा. तेव्हा चाळीस अंशांच्या दुपारी पुण्याची किंवा संभाजीनगरची गच्ची त्यांना परकी वाटायचं कारण नाही.

यातला सगळ्यात चिवट गडी चिनी गुलाब. काही घरांत त्याला ‘ऑफिस टाइम’ म्हणतात, कारण सकाळी ऊन वर आलं की तो उमलतो आणि दुपार कलली की मिटतो. ढगाळ दिवशी रजा. बोटभर उंचीचं, जमिनीलगत पसरणारं झाड, सुईसारखी गोलसर मांसल पानं आणि त्यावर राणी, पिवळी, पांढरी, शेंदरी फुलं. पण कौतुक दिसण्याचं नाही, आतल्या कारभाराचं आहे. आपण भाजी करून खातो ती घोळ याची सख्खी भावकी, एकाच पोर्टुलाका कुळीतली. बहुतेक झाडांना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेण्यासाठी पानांची छिद्रं दिवसा उघडावी लागतात आणि त्या छिद्रांतूनच पाणी उडून जातं. ही मंडळी कमी छिद्रं उघडून जास्त वायू पकडणारी यंत्रणा बाळगून आहेत, मका आणि ऊस वापरतात तीच. त्याउपर पाण्याचा ताण पडला की निवडुंगाची युक्तीही काढतात: रात्रीच्या गारव्यात वायू घ्यायचा, आम्लाच्या रूपात साठवायचा, दिवसा दारं बंद ठेवून वापरायचा. कोरड्या जमिनीतली घोळ पहाटे खुडली तर संध्याकाळच्या घोळीपेक्षा जास्त आंबट लागते, ती या साठवलेल्या आम्लामुळे. दोन्ही युक्त्या एकाच झाडाला येणं ही वनस्पतींत फार दुर्मीळ गोष्ट आहे, आणि आपण ती डाळ घालून शिजवतो.

एकेरी चिनी गुलाब उमललेला असताना काडीचं टोक अगदी हलकेच त्याच्या मधल्या पिवळ्या पुंकेसरांच्या गुच्छाला लावून बघा. क्षणभरात पुंकेसर हलतात, स्पर्श जिकडून झाला तिकडे झुकतात. फुलात शिरलेल्या मधमाशीच्या अंगाला पराग फासायची ही व्यवस्था आहे. मुलांना लाजाळू दाखवतो तसं हे दाखवायला हवं. दुहेरी पाकळ्यांच्या, गुलाबासारख्या दिसणाऱ्या जातींत हा खेळ फारसा जमत नाही, कारण तिथे पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. नर्सरीत हल्ली रुंद चपट्या पानांचा पोर्टुलाका जास्त मिळतो. ती थोडी वेगळी प्रजाती, पण स्वभाव तोच. दोन्ही लावायची पद्धत एकच आणि फार सोपी: शेजारणीकडून तीन बोटं लांबीची काडी मागायची आणि मातीत खोचायची.

झिनियाची गोष्ट वेगळी, आणि त्याच्याबद्दल थोडं सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण आपण उन्हाळ्यात झाडं नेमकी कशी मारतो हे त्याच्याइतकं कुणीच स्पष्ट सांगत नाही. ते त्यानं पृथ्वीवर नव्हे, अंतराळात सांगितलं. 2015 च्या नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात झिनियाचं बी रुजवलं गेलं. पाणी किती आणि कधी द्यायचं याचं वेळापत्रक जमिनीवरच्या शास्त्रज्ञांनी आखलेलं. डिसेंबरात स्थानकातल्या रोपांची पानं ओली दिसू लागली, कडा आत वळल्या, मग बुरशी आली. ओलावा जास्त झाला होता. पंखा जोरात लावला, तर आता रोपं सुकू लागली. तेव्हा स्कॉट केली या अंतराळवीरानं जमिनीवरच्यांना जे कळवलं त्याचा मथितार्थ असा की, मंगळावर जायचं असेल तर रोपाला पाणी कधी हवं हे रोपाजवळच्या माणसानं ठरवलं पाहिजे. वेळापत्रक बाजूला पडलं, केली रोपं बघून पाणी देऊ लागला आणि जानेवारी 2016 मध्ये केशरी फूल उमलल्याचा फोटो जगभर झळकला. अंतराळातलं पहिलं फूल म्हणून तेव्हा त्याचा गाजावाजा झाला. तो मान खरं तर त्याचा नाही, सोव्हिएत स्थानकात 1982 मध्येच मोहरीच्या कुळातलं एक रोप फुललं होतं. पण पाण्याचा धडा झिनियाचाच.

आता पुण्यातली, नागपुरातली, सोलापुरातली गच्ची बघा. मे महिन्यात दुपारी दीड वाजता झिनिया मान टाकतो. घरातलं कुणीतरी हळहळतं, बादली घेऊन जातं आणि तापलेल्या कुंडीत पाणी ओततं. संध्याकाळी झाड ताठ होतं. पाण्यानं वाचवलं, असा समज होतो. वास्तविक ते तसंही ताठ झालं असतं. दुपारी पानांतून पाणी इतक्या वेगानं उडतं की मुळांना तेवढ्या वेगानं ते पुरवता येत नाही, म्हणून पानं लोंबतात आणि लोंबून स्वतःवरचं ऊनही कमी करतात. ऊन उतरलं की हिशेब जुळतो. रोज दुपारी असं पाणी ओतलं की आठवड्याभरात माती सतत ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही, मुळं कुजतात. आणि मुळं कुजलेलं झाडही मानच टाकतं! मग आणखी पाणी. शेवटी झाड मरतं आणि बिल फाडलं जातं उन्हाच्या नावानं.

ओळखायची खूण साधी आहे. सकाळी सात वाजता झाड ताठ असेल तर दुपारच्या लोंबण्याकडे काणाडोळा करा. सकाळीच लोंबत असेल तर मातीत बोटाची दोन पेरं घाला. कोरडं लागलं तर पाणी द्या, ओलं लागलं तर हात आवरा आणि कुंडीचं तळाचं भोक मोकळं आहे का ते बघा.

सदाफुली या बाबतीत आणखी हट्टी आहे. तिच्यापासून मिळणाऱ्या औषधांनी रक्ताच्या कर्करोगाच्या उपचारात मोठी कामगिरी केली, हे आपण शाळेपासून ऐकतो. गच्चीवर मात्र तिची एकच मागणी असते, पाय कोरडे ठेवा. फुटपाथच्या फटीत, गटाराच्या कठड्यावर, पडक्या भिंतीत बारमाही फुलणारी सदाफुली आपण हौसेनं आणलेल्या कुंडीत, शेणखत घालून, सकाळ-संध्याकाळ पाणी घालून का मरते, याचं उत्तर त्यातच आहे. जुनी गावठी गुलाबी आणि पांढरी बेफिकीर असते. नर्सरीतली नवी रंगीत ‘विंका’ पहिल्याच मोठ्या पावसात मूळकुजीनं बसते. मी तर आता गावठीच लावा म्हणतो.

कोंबड्याकडे येऊ. सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्वारी-बाजरीच्या रानात, पडीक माळावर पांढऱ्या-गुलाबी तुऱ्यांचं एक तण उभं असतं. ते कुर्डू. पावसाच्या सुरुवातीला त्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते, नंतर शेतकरी त्याला शिव्या देत उपटतो. बागेतला मखमली कोंबडा हा या कुर्डूचाच नातलग. वाढीचा शेंडा एका बिंदूत न राहता आडवा पसरत जातो, त्यातून ती सुरकुत्यांची झालर तयार होते. राजगिरा आणि माठ याच घराण्यातले. म्हणजे उन्हात तग धरणं रक्तातच. कोंबड्याची एकच खोड, रोप लहानपणी अडलं की जन्मभर अडतं. छोट्या पिशवीत मुळं गुंडाळलेली, शेंड्याला आधीच तुरा आलेली रोपं नर्सरीवाले पुढे करतात. ती घेऊ नका. तुरा नसलेलं, पोपटी, बुटकं रोप मागा.

गोम्फ्रेनाचं मात्र कौतुक कमी झालं आहे, असं मला वाटतं. गोट्यांएवढी जांभळी, पांढरी, गुलाबी फुलं, हाताला कागदासारखी कोरडी. फूल झाडावरच वाळतं आणि रंग सोडत नाही. खुडून टोपलीत ठेवलं तर गौरी-गणपतीपर्यंत मखराला चालतं. बी कापसासारख्या आवरणात असतं आणि उगवायला दहा-पंधरा दिवस घेतं. तेवढ्यात ‘बी खराब निघालं’ म्हणून कुंडी उलटी करू नका.

तेरडा या यादीत हवा, असं कुणी म्हणेल. तो आपला आहे, सह्याद्रीच्या उतारांवर आपसूक उगवतो, गौरीच्या सणात त्याला मान आहे, सगळं कबूल. पण तो पावसाळी उबेचा आहे, कोरड्या उन्हाचा नाही. वैशाखात लावलात तर तेरड्याचा रंग तीन दिवससुद्धा टिकायचा नाही. त्याला जूनपर्यंत थांबवा.

फुलं विकून पोट भरणारे उन्हाळ्याकडे गच्चीवाल्यांसारखे बघत नाहीत. पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात किंवा दादरच्या फूलबाजारात गुढीपाडव्याच्या आदल्या पहाटे जा. झेंडूचे ढीग लागलेले असतात. हा झेंडू थंडीच्या शेवटी लावलेला आणि उन्हात फुललेला. त्यापुढे लग्नसराई, अक्षय्यतृतीया, जत्रा. पुरंदर तालुक्यातला एक शेतकरी उन्हाळी झेंडूचं गणित सांगत होता. ‘दसऱ्याला सगळेच लावतात, म्हणून दसऱ्याला कधी सोन्याचा भाव, कधी रस्त्यावर फेकायची वेळ. उन्हाळ्यात माल कमी, भाव निदान बरा.’ मग अडचण काय? ‘फूल बारीक होतं, वजन बसत नाही. आणि लाल कोळी येतो. ऊन काय करत नाही हो झेंडूला. लाइट जाते ती मारती. रात्री मोटर चालायच्या वेळेला लाइट नसली की पाळी चुकली.’

‘वजन बसत नाही’ ही तक्रार शास्त्रालाही मान्य आहे. पारा सदतीस-अडतीसच्या वर टिकला की झेंडू आणि झिनियाची फुलं आकारानं आकसतात, रंग थोडा फिका पडतो. शिवाय झेंडूला लहान दिवस आवडतो. एप्रिल-मेच्या लांब दिवसांत झाड उंचच वाढतं आणि फुलायला उशीर लावतं. गच्चीवर वजनाचा प्रश्न नसल्यामुळे आपण हे खपवून घेऊ शकतो. आणि झेंडूचा एक गुण आपल्याही कामाचा आहे. त्याच्या मुळांतून पाझरणारं द्रव्य जमिनीतल्या सूत्रकृमींना मारक असतं. वांगी-टोमॅटोच्या वाफ्यात शेतकरी झेंडू लावतात ते हौस म्हणून नाही.

लोखंडी रेलिंगला टांगलेल्या प्लॅस्टिकच्या चिमुकल्या कुंडीत मात्र यातलं काहीही टिकणार नाही, चिनी गुलाब सोडून. उन्हाळ्यात झाडाचा खरा शत्रू असतो तापलेली कुंडी. आकाशातल्या उन्हाला पान तोंड देतं, पण काळ्या प्लॅस्टिकच्या बाजूनं भाजलेल्या मुळाला कुणाचा आधार नसतो. दहा-बारा इंची मातीची कुंडी सगळ्यात चांगली, तिच्या अंगातून पाणी झिरपतं आणि ती गार राहते. प्लॅस्टिकच असेल तर पांढरं घ्या, किंवा जुनं गोणपाट गुंडाळा. कुंडी थेट स्लॅबवर ठेवू नका, दोन विटांवर चढवा. कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवल्या तर एकीची सावली दुसरीवर पडते. फक्त झिनिया सुटा ठेवा, दाटीत त्याच्या पानांवर भुरी येते.

माती हलकी हवी. दोन भाग माती, एक भाग चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग वाळू किंवा कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड. नुसत्या कोकोपीटमध्ये वाढवलेली रोपं नर्सरीत टवटवीत दिसतात, पण ते एकदा खडखडीत वाळलं की वरून ओतलेलं पाणी बाजूनं निघून जातं आणि आतला गोळा कोरडाच राहतो. असं रोप आणलं तर लावण्याआधी पिशवीसकट बादलीत दहा मिनिटं बुडवून ठेवा. खत बेतानं. शेंगदाण्याच्या पेंडीचं आंबवलेलं पाणी पातळ करून पंधरवड्यातून एकदा दिलं तरी भागतं. कॉसमॉसला तेही नको, पोसला तर नुसता पाला करून उभा राहतो.

बी टाकायची वेळ महाशिवरात्रीच्या आसपास. तोवर रात्रीची थंडी मोडलेली असते आणि बियांना हवी असलेली ऊब मातीत आलेली असते. झिनिया आणि झेंडू चार-सहा दिवसांत वर येतात. चिनी गुलाबाचं बी रांगोळीसारखं बारीक. ते कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरा, वरून माती टाकू नका, त्याला उगवायला उजेड लागतो. झिनियाला आपली जागा सोडून जायला आवडत नाही, शक्यतो जिथं वाढवायचा तिथंच पेरा. रोपाला पानांच्या चार-पाच जोड्या आल्या की शेंडा खुडा. हे करताना हात थरथरतो, पण खुडलेलं रोप दोन आठवड्यांत चार फांद्यांचं होतं. पुढे सुकलेली फुलं देठासकट काढत राहा. झाडाला बी धरायची घाई असते, बी धरलं की त्याचं काम संपलं, आणि आपल्याला ते काम लांबवायचं असतं.

उन्हाळ्यात शहरांत पाण्याची कपात असते, अशा वेळी फुलांची चैन कशाला, हा प्रश्न रास्त आहे. यावर माझं म्हणणं असं की वरची सगळी फुलं तुमच्या लॉनपेक्षा आणि आरेका पामपेक्षा कितीतरी कमी पाण्यात भागवतात. भाज्या-डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी चिनी गुलाब, गोम्फ्रेना आणि सदाफुलीच्या डझनभर कुंड्यांना पुरतं. वर उसाच्या पाचटाचं, वाळक्या पानांचं किंवा नारळाच्या शेंड्यांचं दोन बोटं आच्छादन घातलं की एक दिवसाआड पाणी चालून जातं. पाणी सकाळी लवकर, झारीचं तोंड मातीजवळ नेऊन. पानं भिजवून गार करायचा मोह टाळा.

प्रदेशाप्रमाणे थोडं इकडचं तिकडं होतं. मुंबई-कोकणात, गोव्यात ऊन तेवढं कडक नसतं, पण दमटपणा असतो. तिथे झिनियाला भुरी लवकर गाठते, ‘प्रोफ्युजन’सारख्या बुटक्या संकरित जाती जास्त टिकतात. अंतराळात गेला तोही प्रोफ्युजनच. कोकणात कोंबडा आणि गोम्फ्रेना मजेत असतात. विदर्भात, चंद्रपूर-नागपूरकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तिथे मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात दुपारची हिरवी जाळी लागतेच, चिनी गुलाब वगळून सगळ्यांना. देशावर जाळीची गरज नाही. जाळीखाली ठेवलेली ही झाडं उंच, लुकडी होतात आणि फुलत नाहीत.

कीड फार नाही. लाल कोळी कोरड्या हवेत पानांच्या मागे जाळी धरतो, त्याला आठवड्यातून एकदा सकाळी पानांच्या पाठीवर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. पानं भिजवायची ती एवढ्याच कामासाठी. पिठ्या ढेकूण दिसला तर जुना टूथब्रश घ्या. बाजारातल्या औषधांच्या बाटल्यांच्या मागे लागू नका, गच्चीवर मधमाश्या येत असतात.

दिवाळीच्या सुमारास नर्सऱ्या पिटुनियानं भरलेल्या असतात. घ्या, जरूर घ्या, थंडीतही बाग हवीच. पण लक्ष्मीपूजनाचं झेंडूचं तोरण सुकलं की निर्माल्यात टाकण्याआधी चार जून, पूर्ण उमललेली फुलं बाजूला काढा. सोसायटीच्या कडेला वाळलेले कॉसमॉस आणि झिनिया उभे असतील, त्यांची बोंडंही खुडा. सावलीत आठवडाभर वाळवा, कागदी पाकिटात घाला, वर नाव लिहा आणि डब्यात ठेवा. संकरित फुलांची पुढची पिढी आईसारखीच निघेल असं नाही, आणि तोरणातलं सगळंच बी उगवणारही नाही. जेवढं उगवेल तेवढं मेमध्ये फुलेल. पाकिटावर आणखी दोन शब्द लिहून ठेवा: महाशिवरात्रीला पेरा.